नासपातीची आंबवणी

या, पुढे सरका. दारापाशी बसलात तर पंख्याच्या घरघरीत माझं अर्धं बोलणं विरून जाईल. आज एका माणसाची आणि त्याच्या झाडांची गोष्ट सांगणार आहे. शेवट गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो; कोणाला उठायचं असेल त्यानं आत्ताच उठावं. पण कीर्तनात तरी बुवा दर वेळी आपल्याला हसवून कुठे घरी पाठवतात? कधी कधी डोळे पुसत पुसतच चपला शोधाव्या लागतात. मला वाटतं, अशा वेळी पांडुरंग जरा जास्तच जवळ उभा असतो.

ऐंशी सालाच्या आगेमागे मी कतारमध्ये पंपदुरुस्तीचं काम करत होतो. शहराबाहेरच्या शेतांवर विहिरी होत्या, विहिरींवर डिझेलचे पंप होते आणि खारट पाण्यानं ते सारखे गंजत. राहायला दोह्यात, फरीज बिन ओमरानमध्ये, आबासाहेबांच्या खोलीवर. आबासाहेब कराडकडचे, ट्रेलर चालवायचे. वयानं आणि आवाजानं आमच्यात थोरले. शुक्रवारी सुट्टी. दुपारची जेवणं झाली की दार लावायचं, सतरंजी पसरायची आणि टेपवर कीर्तन लावायचं. बायकापोरं समुद्रापलीकडे ठेवून आलेल्या आम्हा पुरुषांचा तोच सण.

कीर्तनाच्या कॅसेटी यायच्या धोंडीरामच्या घरून. धोंडीराम अंबडकडचा, मोसंबीच्या मुलखातला. उम्म सलालच्या पुढे जासिम नावाच्या कतारी गृहस्थाचा मजरा होता, म्हणजे शेत. तिथं तो माळी. एकदाच सुट्टीवर गेला तेव्हा बायकोला टेपरेकॉर्डर घेऊन गेला. ती पारूबाई. गावच्या देवळात सप्ता बसला की पारूबाई तो टेप पिशवीत घालून न्यायची, बायकांच्या पहिल्या रांगेत बसायची आणि बटण दाबायची. बुवांचा खडा आवाज, मृदंग, टाळ, मध्येच रडणारं एखादं लेकरू, सगळं आमच्या खोलीत यायचं. शेवटी थोडी पट्टी उरली तर ती स्वतः बोलायची. "म्हैस व्याली. पत्र्याला भोक पडलंय. तुम्ही जेवत जा." एवढंच. तिला आम्ही कधी पाहिलं नाही, पण आवाजानं ती आमच्या घरातली झाली होती.

टेप मांडीवर असायचा, त्यामुळे तिचा खोकलाही यायचा.

आधी तो बारीक होता. पुढे पुढे बुवा आख्यानाच्या ऐन रंगात आले की नेमकी उबळ. आबासाहेब वैतागायचे. "धोंड्या, लेका, वहिनीस्नी सांग की, जरा मागं सरकून बसा म्हणावं. आमचा देव दारापतूर येतोय आन् खोकला ऐकून माघारी पळतोय."

सगळे हसले. धोंडीरामही हसला. "आबा, मागं बसली तर बुवाचा आवाज येईन का तुम्हाला? तुमच्यापायीच पुढं बसती ती."

मग एका कॅसेटीच्या शेवटी पारूबाई म्हणाली, "तालुक्याचा डॉक्टर म्हणतो औरंगाबादला मोठ्या दवाखान्यात दाखवा. फुफ्फुसाचं काहीतरी म्हणतो. तुम्ही आल्यावर जाऊ. एकटीला तिथं काही कळायचं न्हाई मला." मग पुन्हा खोकला, आणि बटणाचा खट् आवाज.

त्या दिवशी आबासाहेबांनी टेप बंद केला आणि स्वतः उठून चहा ठेवला.

धोंडीरामला घरी जायचं होतं. पण पासपोर्ट जासिमच्या कपाटात, आणि त्याच्या सहीशिवाय विमानात पाऊल ठेवता येत नव्हतं. जासिम वाईट माणूस नव्हता. विचारलं की खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "बाद में, धोंडी. इन्शाल्ला." अडत होतं ते झाडांपाशी. तू गेलास तर अम्मांची झाडं कोण बघणार?

आता ती झाडं सांगतो.

जासिमची आई मैमुना. तिचं माहेर तायफचं, सौदीतल्या डोंगरावरच्या थंड गावचं. तिकडे घरोघरी फळबागा. लग्न होऊन ती या सपाट, तापलेल्या मुलखात आली आणि म्हातारी झाल्यावर तिला माहेरच्या नासपातीचा ध्यास लागला. जासिमनं रोपं मागवली. दोन माळ्यांच्या हातून ती मेली. तिसऱ्या खेपेची धोंडीरामच्या हाती आली. त्या बिचाऱ्यानं नासपाती जन्मात पाहिली नव्हती. फळ म्हणून नाही, झाड म्हणून तर नाहीच.

पण झाड म्हटलं की त्याचा हात बोलायचा. वीतभर मातीखाली तिथं खडक होता. धोंडीरामनं पहारीनं एकेक खड्डा खडकात खोदला, ओढ्याकाठची असावी तशी पोयट्याची माती आणून भरली. विहिरीचं पाणी मचूळ. जहूर नावाचा पेशावरकडचा ड्रायव्हर टँकरनं गोडं पाणी आणायचा. दोन्ही पाणी मिसळून धोंडीराम झाडांना द्यायचा. बुंध्यांना चुन्याचा हात, आळ्यात खजुराच्या झावळ्यांचा जाड थर, वाऱ्याच्या अंगाला गोणपाटाचा आडोसा. ओल कधी तुटू दिली नाही. उन्हाळ्यात तिकडे दाराची कडीसुद्धा धरवत नाही, त्यात ती झाडं वाढली. पुरुषभर उंच झाली, हिरवीगार झाली. पंप बघायला गेलो की मी मुद्दाम त्या सावलीत डबा खायचो.

फक्त फूल येत नव्हतं.

मैमुना रोज झाडांपाशी बाज टाकून बसायची. डोळ्यांत पडदा चढत होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, थोड्याच काळाचा उजेड आहे. एकदा मी पंपावर असताना तिनं आपल्या मोडक्या हिंदीत धोंडीरामला घरचं विचारलं. त्यानं बायकोचं दुखणं सांगितलं. म्हातारी बराच वेळ जपमाळ ओढत राहिली. मग म्हणाली, "मला नजर आहे तोवर या झाडाचं फूल दाखव, बेटा. फूल आलं की मी स्वतः जासिमला सांगते. त्याच आठवड्यात तू घरी."

ती मायेनं बोलली. पण धोंडीरामनं ते वाक्य पदरात गाठ मारावी तसं धरलं.

पुढच्या शुक्रवारी तो खोलीवर आला तो हुरूपातच. "मेस्त्री, सापडलं मला! ह्या झाडाला इसावाच न्हाई. बारा महिने पाणी, बारा महिने लाड. फुलंन कामून? ताण द्यावा लागंन."

मोसंबीच्या बागेत हे दर वर्षीचं काम. बहार धरायचा तर आधी झाडाचं पाणी तोडतात. पानं पिवळी पडतात, गळतात. मग आळं चाळून मुळ्यांना ऊन दाखवतात, खत घालतात, आणि ताण सोडतात. तो सोडायचीही रीत आहे. पहिलं पाणी अगदी हलकं, तोंड ओलं करण्यापुरतं, ती आंबवणी. दुसरं त्याहून जरा जास्त, ती चिंबवणी. मग भरपूर. उपाशी माणसाला एकदम पंगतीला बसवत नाहीत, तसंच. धोंडीरामच्या बापानं असंच केलं, आज्यानं असंच केलं, आणि त्यांच्या काळ्या जमिनीत बागा फुलून यायच्या.

जहूरला कळलं तेव्हा तो टँकरच्या पायरीवर बसून पोट धरून हसला. "या अल्ला! सारी दुनिया रेगिस्तान में पानी डालती है, और ये मराठा नल बंद करता है! मेरी नोकरी खाएगा क्या?"

"तू फक्त बघ रे, खानसाब," धोंडीराम म्हणाला. "फूल आलं की पहिलं तुझ्याच पगडीत खोचतो."

पौषाच्या थंडीत त्यानं पाणी तोडलं. पानं गेली. जासिमनं उघडी झाडं पाहिली आणि गाडीतून उतरायच्या आधीच ओरडला. मैमुनानं बाजेवरूनच त्याला गप्प केलं. ठरल्या वेळी धोंडीरामनं झावळ्या बाजूला केल्या, आळी चाळली, बकरीचं लेंडीखत घातलं आणि देवाचं नाव घेऊन आंबवणी दिली. तांब्यातांब्यानं. मी शेजारी होतो. पाणी देताना तो बारीक आवाजात बुवांची चाल गुणगुणत होता. मग चिंबवणी दिली.

आणि झाडं फुलली, हो. खोटं कशाला सांगू? काळ्या काड्यांवर पांढरेशुभ्र घोस. मधमाशा कुठून आल्या देव जाणे. मैमुनाला दोघी सुनांनी धरून आणलं. तिनं फांदी नाकाशी ओढली. नासपातीच्या फुलाला वास चांगला नसतो. थोडा शिळ्या मासळीसारखा येतो. सुनांनी नाकं मुरडली. म्हातारी मात्र रडायलाच लागली. हाच, हाच वास, माझ्या बापाच्या अंगणातला, असं काहीतरी ती अरबीत म्हणत होती आणि धोंडीरामच्या डोक्यावरून हात फिरवत होती. धोंडीरामनं जहूरच्या पगडीत खरंच एक घोस खोचला. दिवसभर तो तसाच टँकर चालवत फिरला.

म्हातारीनं शब्द पाळला. पासपोर्ट कपाटातून निघाला, सही झाली, येत्या गुरुवारचं तिकीट आलं. आबासाहेबांनी वहिनींसाठी जाड लोकरीची शाल आणली. "घ्या. आन् सांगा, आबा म्हणाला, पुढंच बसा. खोका खुशाल."

निघायच्या दोन दिवस आधी मी पंपाचा पट्टा बदलायला गेलो, तर धोंडीराम एका आळ्यात गुडघ्यावर बसलेला. नुकत्याच फुटलेल्या पालवीच्या कडा तपकिरी झाल्या होत्या, विडीनं चटका दिल्यासारख्या. फुलांचे देठ काळे. त्यानं चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकली.

"चाखा, मेस्त्री."

मी चाखली. नुसतं मीठ.

"म्याच मारली," तो म्हणाला.

त्याला आता कळत होतं ते असं. इतकी वर्षं मचूळ पाण्यातलं मीठ मातीत साठत होतं. ओल होती तोवर ते विरघळून पसरलेलं होतं, झाडाला सोसत होतं. ताण दिला तेव्हा पाणी उडून गेलं आणि मीठ वर आलं, मातीवर पापुद्रा धरला. तो पापुद्रा पांढरा दिसलाही होता त्याला. त्याला वाटलं, थंडीचं दव सुकलंय. मग वरून दिली आंबवणी. भरपूर पाणी सोडलं असतं तर मीठ निदान मुळांच्या खाली तरी गेलं असतं. हलक्या पाण्यानं ते नेमकं मुळांशी नेऊन ठेवलं. बापाची रीत चुकली नव्हती. जमीन बापाची नव्हती.

"आता?" मी विचारलं.

"धुवावी लागंन माती. गोड्या पाण्यानं, सारखी. हप्ताभर. खडकाला भोक पाडून ते पाणी काढावं लागंन बाहेर."

"ते जहूर करील, मी करीन. तू गुरुवारी जा."

त्यानं नकारार्थी मान हलवली. जहूर तर त्याच्या अंगावर धावूनच गेला. "पागल है तू? बीवी बीमार है तेरी! पेड मरे तो मरे! यल्ला, बिस्तरा बांध!" संध्याकाळी मी आबासाहेबांना घेऊन पुन्हा गेलो. आबासाहेब आधी समजुतीनं बोलले, मग शिव्या दिल्या, मग हात जोडले. थोरल्या माणसानं हात जोडले तसा धोंडीराम खाली बसला.

"आबा, बहात्तरच्या दुष्काळात म्या बाग टाकून खडी फोडाया गेलो होतो. सगळे गेले, म्याबी गेलो. पारू गेली न्हाई. भांडी धुतलेलं, लुगडं धुतलेलं पाणी ती हंड्यानं एका मोसंबीला घालीत राहिली. परत आलो तं सारी बाग सरपण, आन् ते एक झाड हिरवं. ती मला एक शब्द बोलली न्हाई. बोलली असती तं बरं झालं असतं. आता दुसऱ्यांदा बाग मारून, पाठ दाखवून तिच्याम्होरं जाऊ? ती इचारणारच, फुलं आली का? काय सांगू तिला?"

"सांग, मेली म्हणून! ती काय तुला फासावर देणार हाय?"

"एक जुम्मा, आबा. फक्त येता जुम्मा. तिकीट पुढं ढकलतो."

जासिमलाही त्यानं खरं कारण सांगितलं नाही. थोडी कामं राहिलीत, म्हणाला. जासिमला ते बरंच वाटलं.

मग आम्ही माती धुतली. जहूर मालकाची नजर चुकवून जादा खेपा आणत होता. मी लहान पंप लावून खड्ड्यांच्या आतल्या कडेनं खणलेल्या चरांतलं पाणी उपसत होतो. धोंडीराम पहार घेऊन खड्ड्यांच्या तळाला भोक पाडायला बघत होता. पण तो खडक. मुळ्या न तोडता पहार तळापर्यंत जाईना. खडकात कोरलेले ते खड्डे म्हणजे कुंड्याच, आणि तळाला भोक नसलेल्या. वरून ओतलेलं पाणी मीठ घेऊन खाली जायचं आणि तिथंच तुंबून राहायचं. आधी मुळं मिठानं भाजली होती, आता ती कुजायला लागली. चिखलाला वास यायला लागला. एका झाडाच्या शेंड्याला पुन्हा हिरवा ठिपका दिसला, तर धोंडीराम आम्हाला हाताला धरधरून दाखवत होता. दुसऱ्या दिवशी आभाळ पिवळं झालं, वाळू घेऊन वारा सुटला, आणि तो ठिपकाही गेला.

तो जुम्मा गेला. धोंडीरामनं तिकीट आणखी पुढे ढकललं. आम्ही त्याला समजावणं सोडून दिलं होतं.

तार जासिमच्या पत्त्यावर आली. तो स्वतः गाडी घेऊन शेतावर आला, तेव्हा सकाळचं ऊन नुकतं चढत होतं. धोंडीराम कमरेइतक्या चरात उभा होता. जासिमनं तार माझ्या हातात दिली आणि तोंड फिरवून उभा राहिला. इंग्रजी तार, चार शब्दांची. मला वाचून दाखवावी लागली नाही. माझ्याकडे बघूनच धोंडीरामनं पहार हळूच चराच्या कडेला टेकवून ठेवली, कोणाला लागू नये अशी.

"कवा?" त्यानं विचारलं.

तारेवर दोन दिवसांपूर्वीची तारीख होती. तोवर तिकडे सगळं आटोपलेलं असणार. शेवटपर्यंत ती औरंगाबादला गेली नव्हती. तुम्ही आल्यावर जाऊ, म्हणाली होती ना.

जहूरनं चरात उतरून त्याला मिठी मारली. कितीतरी वेळ दोघं तसेच उभे, गुडघाभर खारट चिखलात.

मैमुनाला सगळं त्या दिवशीच कळलं. झाडांचं आणि पारूबाईचं, दोन्ही. तिनं धोंडीरामला बोलावलं. आता तिला जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. तिनं चाचपडत त्याचा हात शोधला. "मी फूल मागितलं होतं," ती म्हणाली. "ते तू दिलंस. मला फळ नको होतं, झाडसुद्धा नको होतं. माझं तेवढ्यात भागलं होतं रे. तू थांबलास कशाला?"

मी आजवर पुष्कळ कीर्तनं ऐकली. अवघडातलं अवघड कोडं बुवा शेवटी हसत सोडवतात. या म्हातारीचा प्रश्न मला अजून कोणी सोडवून दिलेला नाही. देवानं त्याचं थांबणं कुठे जमा केलं असेल, ते त्यालाच ठाऊक. वाया गेलं नसेल, असं मी मनाला सांगतो. काही दिवशी ते पटतं.

त्याच आठवड्यात धोंडीराम गावी गेला. आबासाहेबांनी दिलेली शाल त्यानं सोबत नेली. गोदावरीत रक्षेबरोबर सोडतो म्हणाला. जाताना झाडं तोडून, जळण करून, रचून ठेवून गेला. कॅसेटी मात्र आमच्या खोलीवर ठेवल्या. "म्या ऐकू शकणार न्हाई," म्हणाला. तो परत आला नाही, आणि त्याचा ठावठिकाणाही पुढे लागला नाही.

पुष्कळ दिवस टेप कोणी लावला नाही. मग एका शुक्रवारी आबासाहेबांनीच कॅसेट घातली. बुवा आख्यानाच्या रंगात आले, मृदंग चढला, आणि मधोमध तो खोकला आला. आबासाहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि मान खाली घातली. बुवांचं पुढचं बोलणं कोणाच्याच कानात शिरलं नाही.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगणं आहे, बाबांनो, बायांनो. कधी देवळात कीर्तन ऐकत असाल, बुवा रंगात आले असतील, आणि बायकांच्या बाजूनं कोणी खोकलं, तर कपाळाला आठी घालून तिकडे वळून बघू नका. हात जोडलेले असतीलच. त्या हातांनीच क्षणभर अंबडकडच्या पारूबाईची आठवण काढा.